तिरक्या पिंपळाचं आतडं

गादी कशी पारखावी हे लोकांना कळत नाही. वरून हात फिरवतात, "मऊ हाय" म्हणतात आणि डोक्यावर घेऊन चालू लागतात. अरे, आत काय आहे ते बघा! वर खोळ, तिच्याखाली अस्तर, मग कापूस आणि कापूस जागचा हलू नये म्हणून मारलेले टाके. थर नीट असले तर गादी वीस वर्षं जाते. हे मी तीस वर्षं बोंबलून सांगतोय, पण कोल्हापुरात कुणी कुणाचं ऐकलं तर शपथ. म्हणून आमच्या तालमीने गणपतीत आतड्याचा देखावा करायचं ठरवलं तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं, यात नवल नाही. थरांचं काम होतं, आणि थरांतलं कळणारा माणूस पेठेत मी एकटाच. म्हणजे मी आणि महालिंगअण्णा.

आमची तिरका पिंपळ तालीम. पिंपळ तसा सरळ आहे, तिरकी आहे ती तालमीची भिंत, पण नाव पडलं ते पडलं. अमरसिंह आमचा सोळा वर्षांचा अध्यक्ष. एकेकाळी चांगला पैलवान होता, आता नुसता वजनाने पैलवान आहे. निवडणूक घ्या असं त्याला तोंडावर सांगायची कुणाची छाती नाही, म्हणून तो अध्यक्ष. मागच्या वर्षी त्याच्या डोक्यातून धबधबा निघाला होता. धबधबा झाला, पण पाणी मूर्तीपुढच्या प्रसादात शिरलं आणि तीन किलो पेढे गटारीतून वाहत गेले. समोरच्या गल्लीतली पोरं अजून आम्हाला बघून नाक धरून बुडी मारल्यासारखं करतात.

यंदा मीटिंगला सगळे जिद्दीने बसले होते. समोरचे अठरा फुटांची गुहा करणार अशी पक्की खबर होती. कुणी किल्ला म्हणालं, कुणी चंद्र म्हणालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून महालिंगअण्णा उभे राहिले. हा माणूस तालमीत कधी तोंड उघडत नाही. वर्गणी देतो, आरतीला टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

"आतडं करूया," अण्णा म्हणाले.

मग अमरसिंहने विचारलं, "कुणाचं?"

"माणसाचं."

"लांबी किती?"

"बारकं आतडं बावीस फूट भरतंय."

अमरसिंहने मान वळवून खात्री करून घेतली. "समोरच्यांची गुहा अठरा हाय न्हवं?"

"अठरा."

"मग आतडंच," अध्यक्ष म्हणाले, आणि नारळ फुटला.

अण्णांनी लगेच एक अडचण काढली. आतडं जेमतेम इंचभर रुंद असतं. त्यातून माणूस जाईल एवढं रुंद करायचं तर लांबीही त्याच हिशेबाने हजार फूट हवी, म्हणजे शेपूट रंकाळ्याच्या वाटेला लागलं असतं. अमरसिंह त्यालाही तयार होता. पण तेवढ्या लांबीचा परवाना मिळणार नाही असं सगळ्यांनी समजावलं, आणि लांबी खरी, रुंदी खोटी यावर मिटलं.

आता अण्णा कोण ते सांगतो. महालिंगअण्णा माझे भिंतीला भिंत शेजारी. मूळचे सीमेकडचे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. काम काय करायचे, तर माणसाच्या आतड्याचा, जठराचा बारका तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा आणि यंत्रावर त्याचे काप काढायचे. काप असा, की एका केसाच्या जाडीत पंधरा बसावेत. तो काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि डॉक्टरकीच्या पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ठेवायचा. पेठेत मात्र कुणी विचारलं तर लोक सांगायचे, "अण्णा व्हय? कापाकापीत हायत."

आणि हे सगळं त्यांच्या बायकोला, हिराक्काला, अजिबात चालत नव्हतं. सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई ती, आणि नवरा दिवसभर आतड्यात हात घालून घरी येणार! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने नियम घातला. अण्णांनी मागच्या दाराने यायचं, परसात दोन बादल्या पाणी अंगावर घ्यायचं, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. पाणी गार. कारण तापवायचं तर घागर बाहेर न्यावी लागली असती, आणि बाहेर गेलेली घागर परत आत कशी घ्यायची? चौतीस वर्षं डिसेंबरच्या थंडीत मी भिंतीपलीकडून अण्णांचे दात वाजताना ऐकलेत. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. भाजी घेऊन आले तरी पाय आपसूक परसाकडे वळायचे, आणि हिराक्काही त्यांना अडवायची नाही.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी अण्णा वही घेऊन माझ्या दुकानात आले. सगळे थर रंगीत पेन्सिलीने काढले होते. काढताना किती वेळा खोडलं असेल, कागद पार विरला होता.

"सयाजी, एक सांगू? कुणाला बोलू नगंस."

"सांगा की."

"हिरानं एकदा तरी हे बघावं एवढंच वाटतंय मला. चौतीस वर्षं मी काय बघत हुतो ते. तिला वाटतंय, मी घाणीत हात घालून भाकरी मिळवली."

"मग बोलवा की वैनीला. आपलंच मंडळ."

"इचारलं." अण्णांनी वही मिटली. "म्हणली, मेले तरी त्यातनं जाणार न्हाय."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो. त्या रागातच मी अण्णांना म्हणालो, "आतडं असं करू अण्णा, की त्यात संसार थाटावा वाटंल."

कामाला लागलो. सगळ्यात आतला थर महत्त्वाचा. बुकात त्याला श्लेष्मल थर म्हणतात असं अण्णा म्हणाले, पण मी त्याला मखमल म्हणून टाकलं, कारण लावली मखमलच, गुलाबी. "नुसती मखमल न्हाय चालायची," अण्णा म्हणाले. "आत बोटं पाहिजेत. बारकी, मऊ, दाटीनं उभी. अन्नातला रस तीच वडून घेत्यात. एका चौरस इंचात दहा हजारांवर असत्यात." मी हात जोडले. घासाघीस करून सगळं आतडं मिळून चार हजारांवर आणलं.

चार हजार बोटं कोण शिवणार? मी मखमलीच्या चिंध्या पेठेतल्या बायकांना वाटल्या आणि "गणपतीच्या आराशीला गोंडे पाहिजेत" असं सांगितलं. यात खोटं काय आहे? आरासच होती ती. हिराक्काने एकटीने आठशे केले. तिच्या हाताला तोड नाही. प्रत्येक गोंड्याच्या बुडाला दोन वेढे डावीकडून, एक उजवीकडून, अशी गाठ. तशी गाठ पेठेत दुसऱ्या कुणाला जमत नाही. आठशे गोंड्यांची पिशवी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "देवाच्या अगदी जवळ लाव हं." मी हो म्हणालो. आतड्याचं तोंड मूर्तीपासून चार फुटांवर होतं, म्हणजे तेही खोटं नव्हतं.

मखमलीच्या बाहेर फोमचा थर. "ह्यात रक्ताच्या नळ्या आन नसा," अण्णा म्हणाले. "सगळ्या घराचं लाईट-पाणी ह्यातनं." आम्ही फोममधून लाल-निळ्या दिव्यांच्या माळा फिरवल्या.

त्याच्या बाहेर स्नायूंचा थर, आणि तिथे खरी भांडणं झाली. कारण स्नायू म्हणून खुद्द तालमीचे पैलवान लावायचे होते. अण्णांनी समजावलं, "दोन फळ्या असत्यात. आतली फळी आतड्याला गोल कवेत घेती आन पिळती. भाईरची फळी लांबीच्या बाजूनं वडती. दोघी मिळून अन्न म्होरं सरकवत्यात." आता आतल्या फळीतला पैलवान गादीला मिठी मारून उभा राहणार, म्हणजे लोकांना त्याची फक्त पाठ दिसणार. बाहेरची फळी दोऱ्या धरून तोंड लोकांकडे करून उभी राहणार, म्हणजे फोटो तिचे निघणार. झालं! सगळ्यांनाच बाहेरची फळी हवी. एकाने तर बहिणीचं स्थळ बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांना तोंड दिसायला हवं, असं कारण दिलं. शेवटी अमरसिंहने काटा आणला. नव्वद किलोच्या वरचे आत, खालचे बाहेर. त्या दिवशी तालमीच्या इतिहासात पहिल्यांदा पैलवानांनी वजन कमी सांगितलं.

सगळ्यात बाहेर पातळ, गुळगुळीत सॅटिन. "हा लसी थर," अण्णा म्हणाले. "ह्याच्यामुळं आतडी एकमेकाला घासत न्हाईत. बावीस फूट एवढ्याशा पोटात गुंडाळून पडलंय, पर भांडण न्हाय."

"आपल्या पेठेला असलं अस्तर घालता येईल का?" मी विचारलं. अण्णांनी त्यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "कापड लई लागंल."

देखावा उघडला आणि पहिल्याच संध्याकाळी आतडं तुंबलं. नियम साधा होता. माणूस तोंडातून आत शिरला की त्याच्या मागची भिंत पैलवानांनी हळू दाबायची, पुढची सैल सोडायची, म्हणजे माणूस आपोआप पुढे सरकतो. बायका आणि पोरं असली तर नुसती भिंत डुलवायची. पण मधोमध आकाराम उभा. एकशे चार किलो, आणि जगात त्याच्या ओळखीचा नाही असा माणूस नाही. गादीच्या फटीतून त्याला आतलं दिसायचं. पहिलेच आले ते त्याच्या सासुरवाडीचे, कागलचे.

"काय पावणं, कवा आलासा?" आकारामने फटीत तोंड घातलं. "आत्ती कुठं हाय? जेवल्याबिगर जायाचं न्हाय, सांगून ठेवतो."

पाहुणे थांबले. घरची ख्यालीखुशाली झाली. मागून माणसं येतच होती. दहा मिनिटांत आतड्यात तीस माणसं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी.

अण्णा धावत आले. "आकाराम, आतड्याला अन्न वळखीचं नसतंय!"

"आसं कसं अण्णा? सासुरवाडी हाय माझी."

तोवर अमरसिंहने माईक घेतला. "दाबा! सोडा! दाबा!" सगळ्या पैलवानांनी एकदम दाबलं. आतून कागलकरांचा जो आवाज आला तो ऐकून समोरची गल्ली गुहा सोडून बघायला आली.

"अध्यक्ष, माईक बंद करा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "आतडं डोक्याला इचारत न्हाय! दोन फळ्यांच्या मधी नसांचं त्याचं त्याचं जाळं असतंय. कुठं फुगलंय ते त्येला कळतंय, आन त्येच दाबतंय. हुकूम द्यायचा न्हाय!"

अध्यक्ष रुसून मिसळ खायला गेले. माईक बंद झाला, आकारामची फट मी शिवून टाकली, आणि तासाभरात आतडं असं चालायला लागलं की बघत राहावं. हाताला फुगवटा लागला की मागे दाब, पुढे सोड. लोक हसत बाहेर पडायचे आणि परत रांगेत उभे राहायचे. बाहेरच्या टोकाला अमरसिंहने पाटी लावली होती, "धन्यवाद, पुन्हा या." अण्णांना ती पाटी पसंत नव्हती. त्या टोकाला तसं लिहीत नाहीत, असं ते म्हणत राहिले.

हिराक्का रोज आरतीला यायची. मूर्तीपुढे उभी राहायची, पण पदर असा घ्यायची की चार फुटांवरचं आतड्याचं तोंड दिसू नये. अण्णा तोंडापाशी उभे राहून रांगेतल्या लोकांना थर समजावायचे, आणि दर दोन मिनिटांनी त्यांची नजर हिराक्काच्या पदराकडे जायची. पदर काही हलायचा नाही. मला तर तो पदर ओढून बाजूला करावासा वाटायचा.

आठव्या दिवशी संध्याकाळी परीक्षक आले. तिघे होते. मुख्य राजशेखर सर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. सफारी, चष्मा, हातात गुणांची वही. आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मोठा माणूस पुढच्या दाराने जात नसतो. देवळात असो, लग्नात असो, त्याला मागून नेतात, रांग टाळून. मागचं दार हाच मान. रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली, त्यातून परीक्षकांना नेलं तर इज्जत काय राहिली? अमरसिंहने तिघांना फेटे बांधले, नारळ दिला आणि मोठ्या अदबीने मागे नेलं. "धन्यवाद, पुन्हा या" च्या पाटीखालून "या, या सर" म्हणत त्यांना आतड्यात सोडलं.

त्याच वेळी तोंडाकडून राधानगरीच्या दूध संस्थेचे बावीस सभासद आत शिरले होते.

मी मध्यावर उसवलेली शिवण धरत होतो, म्हणून सगळं ऐकलं. आकारामच्या हाताला मागे फुगवटा लागला, त्याने दाबलं. मग पुढेही फुगवटा लागला. त्याने माझ्याकडे बघितलं. "सयाजीदा, पुढनं बी येतंय."

"पुढनं कसं येईल?"

आतून राजशेखर सरांचा आवाज आला, "अहो, आम्ही परीक्षक आहोत!"

त्यावर राधानगरीचा आवाज, "आमी बी सकाळधरनं लायनीत हाय!"

दूधवाली माणसं, रेटा जबर. सर एक पाऊल मागे, लाट एक पाऊल पुढे. नारळ कुणाच्या तरी पायावर पडला. अमरसिंहने झेप घेतली ती थेट माईकवर. "उलटं! सगळं उलटं घ्या! मागनं पुढं दाबा!"

"नगं!" अण्णा तोंडाकडून ओरडले. "उलटं घ्यायचं न्हाय! उलटं म्हंजे..."

पण नव्वद किलोंच्या वरची फळी एकदा फिरली की फिरली. लाट शेपटाकडून उठली आणि सुसाट तोंडाकडे गेली. आधी राधानगरीकर बाहेर आले, दोन-दोन, तीन-तीन, टोप्या हातात. मग दोन परीक्षक. शेवटी फेट्याशिवाय राजशेखर सर आले आणि गणपतीसमोर साष्टांग पडले. लोकांना वाटलं देखाव्यातच आहे, टाळ्या वाजल्या.

अण्णा मटकन खाली बसले. "वकलं," ते पुटपुटले.

सरांना उठवायला पहिला हात पुढे झाला तो हिराक्काचा. जास्वंदीचं ताट घेऊन ती तिथेच उभी होती. चष्मा सरळ करून दिला, धूळ झटकली. सरांच्या सफारीच्या बटणात एक गुलाबी गोंडा अडकला होता, तो तिने अलगद सोडवला. आणि मग ती त्या गोंड्याचं बूड बघत उभी राहिली.

"ही गाठ माझी हाय," ती म्हणाली.

मी तोंडाकडे धावत आलो होतो, आता खांबामागे सरकत होतो, पण माझं शरीर खांबापेक्षा रुंद आहे.

"सयाजी, गोंडं कुठं लावलायस?"

"आराशीला, वैनी."

"आराशीला कुठं?"

मी बोट दाखवलं. दुसरं काय करणार?

"आठशे बी?"

"आठशे बी."

तिने गोंड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ताट अण्णांच्या हातात दिलं. पदर खोचला. "एकेक उपटून काढणार," ती म्हणाली, आणि जिथून मेली तरी जाणार नव्हती त्या तोंडातून ताडताड आत गेली. अण्णा हातात जास्वंदीचं ताट घेऊन तिच्या मागे.

पैलवानांनी नियम पाळला. बाई आत, म्हणून नुसतं डुलवायचं. मी माझ्या शिवणीपाशी आलो आणि फट सोडवून डोळा लावला. लावणारच. शिवण माझी होती.

आत एक गोंडा उपटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग काहीच नाही.

हिराक्का मधोमध उभी होती. चारी बाजूंनी चार हजार गुलाबी बोटं, मागून लाल-निळा उजेड, आणि सगळी भिंत हळूहळू हलत होती, झोपलेल्या लेकराचं पोट हलतं तशी. तिचा हात त्या बोटांमध्ये मनगटापर्यंत गेला होता आणि ती तो काढत नव्हती.

"हे आत असतंय?" तिने विचारलं.

"व्हय."

"माझ्या बी?"

"तुझ्या बी. हितनं हितपतूर." अण्णांनी ताटानेच दाखवलं.

"इतकं मऊ?"

"ह्याच्यापरास मऊ. आन चार-पाच दिसांत जुनं झडून सगळं नवं येतंय. तू झोपलीस तरी काम चालूच."

"कोण करतंय त्ये?"

अण्णांनी विचार केला. "त्येचं त्येच."

"शिवा शिवा," हिराक्का म्हणाली. "रंग असलाच असतोय?"

"न्हाय. कापात बघितलं तर काचंगत दिसतंय, कळत बी न्हाय. रंग मी द्यायचो. गुलाबी आन जांभळा."

"म्हंजे तुमी तिथं रंगवत बसायचा?"

"चौतीस वर्षं."

"आन मला वाटायचं..." मग तिला राग आला. अण्णांचाच, आणि कुणाचा येणार? "मग सांगितलं का न्हाय कधी?"

"तू दारातच बारडी पुढं करायचीस की," अण्णा म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुई टोचली असेल म्हणून बोट बघितलं, तर बोट चांगलं होतं.

हिराक्काने नाक पुसलं, भिंतीकडे वाकून बघितलं आणि तिचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. "ही कुणी लावल्यात? उलटी हायत की. ही तानाबाईची गाठ, मला कळत्या. दोन दिसांत गळून पडतील. सयाजी! फटीतनं बघू नगंस, सुई-दोरा दे!"

तिने उपटलेले दोन गोंडे परत शिवले, सरांच्या बटणातला तिसरा शिवला, आणि तानाबाईचे चाळीस उसवून नव्याने लावले. पाऊण तास आतडं बंद. बाहेर रांग ओरडायला लागली तेव्हा अण्णांनी तोंडातून डोकं काढून सांगितलं, "उपास हाय. थांबा."

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. शेरा होता, "देखावा परिणामकारक. प्रवेशद्वार कोणते ते स्पष्ट असावे." समोरच्यांच्या गुहेला काहीच मिळालं नाही, त्यामुळे अमरसिंहने ते पहिलंच समजून फटाके लावले.

पुढचे दोन दिवस हिराक्का आतड्याच्या तोंडाशी बसली. शेजारी पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या. चपला काढा, हातपाय धुवा, मगच आत. पाणी गार. अमरसिंह तसाच घुसायला लागला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं. "कुठनं कुठनं हात लावून आलायस, तसाच शिरतोस व्हय? मखमल हाय ती!" आमच्या अध्यक्षांनी पँट दुमडून, ओणवं होऊन पाय धुतले. अण्णा बाजूला उभे राहून थर समजावत होते, पण त्या दोन दिवसांत ते बऱ्याच वेळा चुकले, दुसरा थर आधी सांगितला, आणि स्वतःशीच हसत राहिले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आतडं सोडलं. फोम माझ्या दुकानात गेला, सॅटिन घडी झालं, मखमल हिराक्काने आधीच मागून ठेवली होती. अण्णा धुळीने माखून घरी आले. मी परसात तोंड धूत होतो. सवयीने त्यांचे पाय मागे वळले, सवयीने त्यांनी बादली ओढली, तांब्या बुडवला.

स्वयंपाकघराच्या दारात हिराक्का आली. "तिकडं कुठं?"

"आंघूळ."

"कशाला? कशाला शिवलाय एवढं?"

अण्णा भरलेला तांब्या धरून उभेच राहिले. छत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"च्या निवतोय," हिराक्का म्हणाली. "आत या."

अण्णांनी तांब्याचं पाणी हळूच बादलीत परत ओतलं. दारापाशी गेले, पायपुसण्यावर पाय पुसले, माझ्याकडे एकदा बघितलं, परत पुसले, आणि आत गेले.